एकच शॅम्पेन, दोन बाटल्या आणि मागचं लेबल

जानेवारीत नान्नजच्या बाजूला आमच्या एका मित्राच्या शेतात हुरड्याला गेलेलो. आम्ही सहा-सात जण, सगळे सोलापूरचेच, कॉलेजपासूनचे, दर हिवाळ्यात एकदा तरी जमतो आणि गेली काही वर्षं या जमण्यात शॅम्पेन शिरलीय. कुणाचा भाऊ दुबईला असतो, कुणी कामासाठी बाहेर जाऊन येतं, येताना ड्युटी फ्रीमधनं एखादी बाटली आणतात, बाकीचे वर्गणी काढतात, आणि मग आगटीजवळ बसून कुणाला कुठली आवडली यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं चालू. खरं सांगतो, मला हे फार आवडतं, प्यायला प्रत्येकाच्या वाट्याला एक-दीड ग्लास येतो पण बोलायला विषय वर्षभर पुरतो.

या वेळी मात्र चांगलंच वाजलं. आमच्यातला डॉक्टर एका मोठ्या ब्रँडबद्दल सांगत होता, की त्याला भाजलेल्या ब्रेडचा, बदामाचा वास येतो, जीभेवर मऊ लागते, मला जगात हीच आवडते. त्यावर बागायतदार मित्र म्हणला, "काय बे डॉक्टर, लिंबू आणि हिरवं सफरचंद सोडून त्यात काय आहे? ब्रेड कुठनं काढलास?" दोघांनी प्यायलेली शॅम्पेन एकच, नाव तेच, पुढचं चित्र तेच, किंमतही जवळपास तीच. दोघं शपथेवर सांगतायत आणि दोघंही खोटं बोलणारे नाहीत.

सुटलं कशावरनं, तर बुचांवरनं. बागायतदाराला सवय आहे, प्रत्येक बाटलीचं बूच तो एका बिस्किटाच्या डब्यात ठेवतो आणि त्यावर बॉलपेननं महिना-वर्ष लिहितो. डॉक्टरनं गेल्या दिवाळीत घरी फोडलेल्या बाटलीचं बूचही त्याच्याकडे होतं. दोन्ही शेजारी ठेवली. बागायतदाराच्या बाटलीचं बूच खालच्या बाजूला मस्त पसरलेलं, घागऱ्याच्या घेरासारखं. डॉक्टरचं सरळ, बारीक, खुंटीसारखं. शॅम्पेनचं बूच बाटलीत दाबून घालतात, नवीन असेल तर बाहेर आल्यावर परत फुगतं, पण वर्षानुवर्षं दाबलेल्या अवस्थेत राहिलं की त्याचा ताण जातो आणि ते तसंच बारीक राहतं. म्हणजे डॉक्टरची बाटली बूच लागल्यावर बरीच वर्षं पडून होती आणि बागायतदाराची ताजी होती. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी प्यायल्या होत्या, आणि बाटलीवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

हे नीट कळायला शॅम्पेन कशी बनते ते थोडं बघावं लागतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

शॅम्पेन हा फ्रान्सच्या ईशान्येकडचा थंड भाग. रँस आणि एपर्ने ही तिथली दोन मुख्य गावं, आणि द्राक्षाखाली साधारण ३४,००० हेक्टर. मुख्य द्राक्षं तीन. पिनो नुआर आणि मनिए ही काळी, शार्दोने पांढरं. मनिए म्हणजे फ्रेंचमध्ये पिठाच्या गिरणीवाला, कारण त्याच्या पानांखाली पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते, हे ऐकून आमचा बागायतदार एवढा खूश झाला की विचारू नका. त्याच्या घरी तीन पिढ्या द्राक्ष आहे. नान्नज म्हणजे जिथं नानासाहेब काळे यांनी सोनाका वाण शोधलं ते गाव, तिथली माणसं द्राक्षाच्या पानावरनं पण अर्धा तास बोलतात. शॅम्पेनला द्राक्ष हातानंच तोडावं लागतं, मशिन चालत नाही, आणि ते बऱ्यापैकी आंबट असतानाच तोडतात. तो म्हणला, एवढा आंबट माल आपल्याकडे व्यापारी हातात धरणार नाही. पण तिथं तोच आंबटपणा पाहिजे असतो.

रस काढून आधी साधी वाइन करतात, फुगे नसलेली, पातळ, आंबट. मग ती बाटलीत भरताना त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात, लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर, आणि वरनं सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं टोपण ठोकतात. यीस्ट ती साखर खातं, त्यातनं गॅस तयार होतो, बाहेर जायला जागा नाही म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. आत सहा वातावरणांच्या आसपास दाब होतो, कारच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट, म्हणून तर काच एवढी जाड. साखर संपली की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन बाटलीच्या अंगाला बसतं. हा गाळ म्हणजे घाण नाही बरं का, बरीचशी चव तिथनंच येते. वाइन त्या गाळावर मुरत पडते आणि मेलेलं यीस्ट हळूहळू विरघळून तिच्यात उतरतं, त्यातनं ब्रेडसारखा, बिस्किटासारखा वास येतो. कायद्यानं साध्या शॅम्पेनला बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात ठेवावंच लागतं, त्यातले १२ गाळावर, आणि एकाच वर्षाच्या म्हणजे व्हिंटेजला किमान ३ वर्षं. चांगली घरं, म्हणजे शॅम्पेन बनवणाऱ्या कंपन्या, याच्या कितीतरी जास्त ठेवतात.

मग बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, गाळ तोंडाशी येतो, तोंड गोठवतात, टोपण काढलं की गाळाचा गोळा दाबानं बाहेर उडतो. याला म्हणतात डिसगॉर्जमेंट. कमी झालेली जागा भरायला थोडी वाइन आणि हवी तेवढी साखर घालतात, त्याला डोसाज म्हणतात, आणि मग खरं बूच आणि तार.

आता बघा, बाटलीचं आयुष्य इथं दोन भागात कापलं जातं. गाळ आत आहे तोवर तो वाइनला सांभाळतो, ऑक्सिजन खातो, वाइन तरतरीत राहते. गाळ निघाला की दुसरं मुरणं चालू होतं, बुचातनं अगदी थोडी हवा जाते, डोसाजची साखर आणि वाइन एकजीव होते, भाजलेला, सुकामेव्याचा, मधाचा वास येत जातो. काही वर्षं हे छान चालतं, मग उतरण लागते. म्हणजे डिसगॉर्जमेंटची तारीख ही बाटलीची दुसरी जन्मतारीख आहे, आणि डॉक्टरचा ब्रेड आणि बागायतदाराचं लिंबू यातला बराचसा फरक त्या एका तारखेत होता. पण मोठ्या घरांच्या साध्या बाटलीवर ती तारीख बहुतेक वेळा नसते.

त्यात अजून एक गोष्ट आहे. साध्या शॅम्पेनवर वर्ष नसतं कारण ती एका वर्षाची नसतेच. तिकडे हवामानाचा भरवसा नाही, कधी वसंतात कडाक्याची थंडी पडून कोंब जळतात, कधी काढणीत पाऊस, तर प्रत्येक घर चांगल्या वर्षांची वाइन राखून ठेवतं आणि चालू वर्षाच्या वाइनमध्ये मिसळतं. अवकाळी आणि गारपीट बघितलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. पण मिश्रणातला मोठा भाग चालू वर्षाचाच असतो, त्याला बेस इयर म्हणतात, आणि उन्हाळा कडक गेलेलं बेस इयर आणि थंड गेलेलं बेस इयर यांच्यात फरक पडतोच, घरानं कितीही एकसारखी चव ठेवायचा प्रयत्न केला तरी. म्हणजे नाव एक, चित्र एक, आत मात्र दरवर्षी थोडं वेगळं.

मग लेबलवर असतं काय? शॅम्पेन हा शब्द, घराचं नाव, गोडीचा प्रकार, अल्कोहोल किती टक्के, किती मिली, कुणी आणि कुठल्या गावात बनवली, आणि एकदम बारीक अक्षरात एक नंबर, ज्याच्या आधी दोन अक्षरं असतात. ती दोन अक्षरं शोधायला चष्मा लागतो पण शोधाच. एनएम म्हणजे द्राक्ष विकत घेऊन बनवणारं घर, बहुतेक मोठे ब्रँड यातच येतात. आरएम म्हणजे स्वतःच्या बागेची द्राक्षं वापरून स्वतः बनवणारा शेतकरी. सीएम म्हणजे सहकारी संस्था, आपल्या साखर कारखान्यासारखंच, सभासद माल घालतात आणि संस्था बनवते. एमए म्हणजे बनवली दुसऱ्यानं आणि नाव लावलं सुपरमार्केट-बिपरमार्केटचं. यात कुठलं चांगलं कुठलं वाईट असं काही नाही, सहकारी संस्थेची उत्तम शॅम्पेन मी प्यायलोय, पण आपण पैसे कुणाला देतोय ते कळतं. आमच्या बागायतदाराचा जीव अर्थातच आरएमवर आहे.

गोडीच्या शब्दांनी तर लोक सर्रास फसतात. आमच्यातल्या एकाला शुगर आहे, त्यानं एकदा मुद्दाम एक्स्ट्रा ड्राय मागवली, की ड्राय म्हणजे साखर नाही आणि एक्स्ट्रा ड्राय म्हणजे अजिबातच नाही. झालं उलटं. एक्स्ट्रा ड्राय म्हणजे लिटरला १२ ते १७ ग्रॅम साखर, आणि ब्रुट म्हणजे १२ पेक्षा कमी, तेव्हा एक्स्ट्रा ड्राय ही ब्रुटपेक्षा गोड. एक्स्ट्रा ब्रुट ० ते ६, आणि ब्रुट नेचर म्हणजे वरनं साखर घातलेलीच नाही आणि मुळातली ३ पेक्षा कमी. दुसऱ्या टोकाला सेक १७ ते ३२, डेमी-सेक ३२ ते ५०, आणि त्याच्या वर दू. गंमत म्हणजे सेक या शब्दाचा अर्थही कोरडी असाच आहे. जुन्या काळात सगळीच शॅम्पेन भयंकर गोड असायची, त्या मानानं ही कोरडी, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. तर आता ब्रुट लिहिलेल्या दोन बाटल्या घ्या, एकीत ४ ग्रॅम असू शकते, दुसरीत ११. दोन्ही ब्रुट. जिभेला हा फरक स्पष्ट कळतो, मग सरळ आकडा छापायला काय हरकत आहे?

छापणारे आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. ब्रुनो पायार यांनी १९८१ मध्ये आपलं घर चालू केलं आणि १९८३ पासून बाटलीवर डिसगॉर्जमेंटची तारीख टाकायला लागले, तेव्हा हे फारसं कुणी करत नव्हतं. जाकसाँ या घरानं तर आपल्या मुख्य शॅम्पेनला नावाऐवजी नंबरच दिला. ७२८ नंबर हा २००० सालच्या काढणीवर आधारलेला, पुढं दरवर्षी एक नंबर वाढतो, म्हणजे ७४० हातात आली की मनात हिशोब करा, २०१२. मागं डिसगॉर्जमेंट आणि डोसाजही लिहिलेलं असतं. त्यांचं म्हणणं असं की दरवर्षी चव एकसारखी ठेवण्यापेक्षा त्या वर्षात जमेल तेवढी उत्तम करू आणि वेगळी आहे हे उघड सांगू. लुई रोदरेरनं २०२१ मध्ये आपली नेहमीची ब्रुट बंद करून कलेक्शन २४२ आणली, २४२ म्हणजे १७७६ मध्ये घर चालू झाल्यापासूनचं २४२ वं मिश्रण, बेस २०१७. त्यानंतर २४३, २४४ अशी पुढं चालली.

क्रूगचं मला सगळ्यात जास्त आवडतं. त्यांच्या बाटलीच्या मागं सहा आकडी नंबर असतो, पहिला आकडा डिसगॉर्जमेंटच्या तिमाहीचा आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे ४१३ नं चालू होणारा नंबर असेल तर २०१३ ची शेवटची तिमाही. तो नंबर त्यांच्या साइटवर टाकला की त्या बाटलीत कुठल्या वर्षांच्या किती वाइन मिसळल्यात ते सगळं येतं. ग्रांद क्युवे या त्यांच्या मुख्य शॅम्पेनवर पुढच्या बाजूला एडिशनचा नंबरही असतो. आम्ही सगळ्यांनी मिळून वर्गणीत एकदाच घेतली, एका मित्राच्या पन्नाशीला, आणि प्यायच्या आधी अर्धा तास फोनवर तो नंबर टाकून वाचत बसलेलो. चव जास्त चांगली लागली का? मला वाटतं हो, कारण कशाकडे लक्ष द्यायचं ते माहीत होतं.

तारीख मुद्दाम मिरवणारी जुनी बाटलीही आहे, बोलँजेची आर.डी. त्या दोन अक्षरांचा अर्थच नुकतीच डिसगॉर्ज केलेली. पहिली १९५२ सालची, बाजारात आली १९६७ मध्ये, तोवर गाळावर मुरत पडलेली.

मग बाकीची मोठी घरं का छापत नाहीत? त्यांचंही ऐकून घेतलं पाहिजे. एक तर ते म्हणतात आमचं सगळं कसब चव एकसारखी ठेवण्यात आहे, तुम्ही ब्रँडवर विश्वास ठेवा, तारीख कशाला बघता. दुसरं, लोक त्या तारखेला एक्सपायरी समजतील, दुकानदार जुन्या तारखेची बाटली घेणार नाही. हे दुसरं मला पटतं, कारण आपल्याकडे कुठलंही पॅकेट हातात घेतलं की माणूस पहिलं तारीख बघतो आणि जुनी दिसली की परत ठेवतो. पण त्यावर उपाय तारीख लपवणं नाही, तारीख म्हणजे काय ते दोन ओळीत लिहिणं आहे. बागायतदार म्हणला, "माझ्या बेदाण्याच्या बॉक्सवर लॉट लिहिलेला असतो, कोल्ड स्टोरेजमधनं वर्षभरानं निघाला तरी कुणाचा माल, कधी ठेवला ते सापडतं. किलोला काही शे रुपयांच्या मालाला जमतं, मग ह्या हजारो रुपयांच्या बाटलीला का जमू नये?" लॉटचा कोड शॅम्पेनलाही असतो, काचेवर बारीक कोरलेला, पण तो कंपनीला वाचता येतो, आपल्याला नाही. काही घरं आता क्यूआर कोड देतात, ते चांगलंय.

आपल्याकडे अजून एक त्रास आहे, तो मी स्वतः भोगलाय. एका दुकानातनं खास मागच्या लेबलसाठी म्हणून एक बाटली मागवली, तर एमआरपी आणि आयातीचं स्टिकर नेमकं त्या मागच्या लेबलवर चिकटवलेलं. गरम पाण्याच्या फडक्यानं तासभर शेकून शेकून काढलं, अर्धी तारीख त्याच्याबरोबर निघून गेली. महिना राहिला, वर्ष गेलं. स्टिकर लावणं कायद्यानं गरजेचं आहे हे मान्य, पण बाजूला दोन इंच जागा मोकळी होती हो.

आणि सोलापुरात तर तारीख कळणं जास्तच गरजेचं आहे, कारण आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, आणि शॅम्पेनला १०-१२ डिग्रीचं अंधारं तळघर पाहिजे. घरातल्या शोकेसमध्ये एक उन्हाळा काढलेली बाटली मी प्यायलोय, रंग गडद झालेला, फुगे दमलेले, वास जुन्या सफरचंदाचा. आता ही बाटली मुळातच जुनी होती का उन्हानं म्हातारी केली? डिसगॉर्जमेंटची तारीख असती तर एका सेकंदात कळलं असतं, दोन वर्षांपूर्वीची असेल तर दोष उष्णतेचा, बारा वर्षांपूर्वीची असेल तर तिचं वयच झालेलं. तारीख नव्हती, त्यामुळं त्या शॅम्पेनबद्दल माझं मत आजही अर्धवट आहे, आणि त्या घरावर अन्याय होतोय का काय ही रुखरुख राहते. तेव्हा शोकेस विसरा, आणल्या आणल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि वर्षाच्या आत संपवा. पिताना ८-१० डिग्री, आणि उंच बारीक ग्लासपेक्षा पोट असलेला साधा वाइनचा ग्लास घ्या, वास नीट येतो.

नावाबद्दल पण थोडं बोललं पाहिजे, कारण कुणीतरी दरवेळी म्हणतंच की अकलूजची पण शॅम्पेन असते ना. अकलूजला फ्रातेली आपल्याच जिल्ह्यात चांगली वाइन करते, फुग्यांची पण करते आणि मी ती आनंदानं पितो, पण ती स्पार्कलिंग वाइन, शॅम्पेन नाही. शॅम्पेन हे त्या भागाचं नाव आहे, फ्रान्सनं १९३६ मध्ये त्याला कायद्याचं कुंपण घातलं, आणि भारतातही ते भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंदलेलं आहे, ज्या नोंदवहीत आपली सोलापुरी चादर आहे त्याच नोंदवहीत. दुसरीकडे विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली की आपल्याला कसं लागतं? यंत्रमागावर आयुष्य घातलेल्या माणसाला विचारा. तसंच त्यांचं आहे.

आता आमच्याकडे पद्धत ठरलीय. बाटली फोडायच्या आधी पुढच्या-मागच्या लेबलचा फोटो ग्रुपवर, त्याखाली घर, दोन अक्षरं, गोडी, असेल तर बेस इयर आणि डिसगॉर्जमेंट, नसेल तर आपण कधी घेतली तो महिना. बूच डब्यात. मगच कोण काय म्हणतंय ते लिहायचं. यातनं हळूहळू आवडी पण उलगडल्या. डॉक्टरला वाटायचं त्याला तो एक ब्रँड आवडतो, प्रत्यक्षात त्याला डिसगॉर्ज होऊन चार-पाच वर्षं झालेली कुठलीही चांगली शॅम्पेन आवडते, आता तो ताजी बाटली घेतो आणि भाच्याच्या पुण्याच्या घरी वाइनच्या फ्रिजमध्ये ठेवायला देतो. बागायतदाराला पिनो जास्त असलेली, कमी साखरेची, अगदी ताजी. मला ब्लां द ब्लां, म्हणजे फक्त पांढऱ्या द्राक्षाची, खारे शेंगदाणे आणि कडक भाकरीच्या तुकड्यांबरोबर, आणि शेंगा चटणी मात्र बाजूला ठेवून, तिखटानं फुगे टोचतात.

शुगरवाल्या मित्रानं आता एक्स्ट्रा ब्रुट धरलीय, तीही डॉक्टरला विचारून आणि अर्धा ग्लासच. आणि पुढच्या जानेवारीसाठी एक डेमी-सेक आणायचं ठरलंय, शेंगापोळीबरोबर कशी लागते ते बघायला. भाऊ दुबईहून आणणार आहे. त्याला सांगून ठेवलंय, दुकानात उभा राहून आधी मागच्या लेबलचा फोटो पाठव, आम्ही हो म्हणलं की मग पैसे दे.